नणंदेनं पाठवलेली पोस्ट माझीच होती

पत्र, थोडक्यात : पत्रलेखिका गेली सहा वर्षं एका मोठ्या समाजमाध्यमावर टोपणनावानं लिहितात. विषय साधे. नवं ॲप, बदललेलं बटण, मुलांचे स्क्रीनसमोरचे तास, कुठल्या माध्यमाचं काय बिघडलं. मतं चालता-बोलता सुचलेली, पाच-दहा ओळींची. घरात मुलाखेरीज कुणाला याचा पत्ता नाही. गेल्या महिन्यात ‘पासवर्ड विसरलात का?’ या बटणावरची त्यांची आठ ओळींची पोस्ट नणंदेनं कुटुंबाच्या गटात टाकली. खाली भलत्याच माणसाचं नाव, शेवटचं वाक्य गायब आणि वर नणंदेचा शेरा : “बघा, लोक किती छान लिहितात!” शोधाशोध केल्यावर तोच मजकूर एका मोठ्या पानावर सापडला, हजारो पसंत्यांसह. मुलगा म्हणतो, “ते माध्यम सोड, विकेंद्रित नेटवर्कवर ये, ते कुणा एका कंपनीच्या हातात नसतं. तिथं तुझं लेखन तुझ्या मालकीचं राहतं.” मैत्रीण म्हणते, “कॉपीराइटची तक्रार ठोक.” आणि त्या स्वतः विचारतात, “ही काही साहित्यकृती नव्हे, गप्पाच आहेत. यावर हक्क सांगितला तर हसं होईल का? की लिहिणंच थांबवू? ता. क. मीही पोस्टखाली कधीमधी नेटवर सापडलेली व्यंगचित्रं लावते. ते चालतं ना?”

प्रिय ‘टोपणनाव’,

तुमच्या पत्रातला सगळ्यात कळीचा प्रश्न तुम्ही ताजा कलम करून तळाला ढकललात. त्याकडे येतेच, पण आधी नणंदेबद्दल. या सदरातलं माझं एक उत्तर काही वर्षांपूर्वी शाळेच्या वर्गमित्रांच्या गटात फिरत माझ्याकडे आलं होतं. माझं नाव नव्हतं, दोन परिच्छेद नव्हते आणि पाठवणाऱ्या मित्रानं खाली लिहिलं होतं, “तुझ्या सदरापेक्षा हे बरं आहे.” मी अर्धा तास फोन हातात धरून बसले. काय लिहिलं तरी आपण कोत्या मनाचे दिसणार, हे त्या अर्ध्या तासात कळलं. शेवटी अंगठा दाखवणारं चिन्ह पाठवलं. त्याचा पस्तावा अजून आहे. तेव्हा तुमच्या पोटात काय झालं असेल ते मला समजावून सांगायची गरज नाही.

आता ‘गप्पाच आहेत’ हे वाक्य. ते तुम्ही पत्रात तीनदा लिहिलंय. दर वेळी तो विनय वाटत नाही, आधीच माघार घेऊन ठेवल्यासारखं वाटतं. कॉपीराइट कायदा लेखन थोर आहे की किरकोळ, हे विचारत नाही. ते तुमचं आहे का, कुणाचं उचललेलं नाही ना आणि कुठंतरी लिहून ठेवलंय ना, एवढंच तो बघतो. लेखक-कलावंतांच्या हक्कांविषयीच्या १८८६ च्या बर्न करारात जगातले बहुतेक देश आज सामील आहेत आणि १९०८ साली बर्लिनमध्ये झालेल्या सुधारणेपासून त्यात एक गोष्ट पक्की आहे : हक्क मिळायला नोंदणी लागत नाही, शिक्का लागत नाही, गोलातलं ‘सी’ हे चिन्हही लागत नाही. तुम्ही शेवटचा पूर्णविराम दिलात तेव्हाच तो मिळाला. टोपणनावानं लिहिलंत म्हणून तो कमी होत नाही.

किती लहान मजकुराला हे लागू पडतं? इथं देशोदेशी सूर वेगळे आहेत. युरोपीय महासंघाच्या न्यायालयानं २००९ साली इन्फोपॅक खटल्यात सांगितलं की बातमीतला अकरा शब्दांचा तुकडासुद्धा, त्यात लेखकाची स्वतःची बौद्धिक निर्मिती दिसत असेल तर, संरक्षणाला पात्र ठरू शकतो. उलट अमेरिकेचं कॉपीराइट कार्यालय नावं, शीर्षकं आणि छोटे वाक्प्रयोग नोंदवून घेत नाही. पण तुमच्या आठ ओळी या भांडणाच्या पलीकडे आहेत. जुलै २०१५ मध्ये एका लेखिकेचा एका ट्विटमधला विनोद इतरांनी जसाच्या तसा आपल्या नावावर टाकला होता. तिनं तक्रार केली आणि ट्विटरनं त्या नकला काढून टाकल्या. एक विनोद! तेव्हा हसं व्हायची भीती सोडा.

पण एक कडू घोटही घ्यावा लागेल. ‘पासवर्ड विसरलात का?’ या बटणावरून माणसांच्या विसरण्याकडे वळण्याची कल्पना तुमच्या मालकीची नाही. कायदा शब्दांना, त्यांच्या रचनेला राखतो. मत, कल्पना, निरीक्षण मोकळं असतं. उद्या कुणी हेच स्वतःच्या शब्दांत लिहिलं तर ती चोरी नाही, आणि खरं सांगायचं तर तसंच असायला हवं. मतांवर कुंपण घालता आलं असतं तर माध्यमांवर तुम्ही लिहिता त्यातलं निम्मं तुम्हालाच लिहिता आलं नसतं. एकच नवं बटण चारशे जणांना एकाच सकाळी खुपतं. तुमच्या बाबतीत मात्र प्रश्न कल्पनेचा नाही. शब्द तुमचे, क्रम तुमचा, गायब झालेलं वाक्यही तुमचंच.

आता तुमच्या मुलाचं म्हणणं. पोरगा हुशार दिसतो, पण त्याच्या वाक्यात एक गृहीतक दडलंय : मोठ्या माध्यमावर लेखन कंपनीच्या मालकीचं होतं. तसं होत नाही. बहुतेक मोठ्या माध्यमांच्या अटी उघडून वाचा, मालकी तुमचीच राहते असं तिथं स्पष्ट लिहिलेलं असतं. तुम्ही देता तो परवाना. तो मात्र ऐसपैस असतो : जगभर, विनामोबदला, पुढं दुसऱ्याला देता येण्याजोगा. त्याची व्याप्ती वाढतही जाते. १५ नोव्हेंबर २०२४ पासून लागू झालेल्या एक्सच्या, म्हणजे पूर्वीच्या ट्विटरच्या, अटींमध्ये तुमचा मजकूर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रशिक्षणासाठी वापरण्याचा उल्लेख उघडपणे आला. ही तक्रार करण्यासारखी गोष्ट आहे. पण हा परवाना कंपनीला दिलेला असतो, वाटेवरच्या कुणालाही नाही.

यावर एक खटला आहे, तुमच्या गोष्टीची मोठी बहीण शोभेल असा. १२ जानेवारी २०१० ला हैतीत भूकंप झाला. डॅनियल मोरेल हे छायाचित्रकार तिथंच होते. त्यांनी काढलेले फोटो ट्विटपिक या फोटो ठेवण्याच्या सेवेवर चढवून ट्विटरवर टाकले. एका दुसऱ्याच माणसानं ते आपले म्हणून पुन्हा टाकले आणि एएफपी या वृत्तसंस्थेनं ते त्या दुसऱ्याच्या खात्यावरून उचलून जगभर वाटले. गेटी इमेजेस या फोटो विकणाऱ्या कंपनीकडेही गेले. मोरेल यांनी आक्षेप घेतला तेव्हा एएफपीचा बचाव होता की ट्विटरवर टाकलं म्हणजे ट्विटरच्या अटींनी आम्हालाही परवानगी मिळाली. अमेरिकी न्यायालयानं जानेवारी २०१३ मध्ये हा बचाव नाकारला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ज्यूरीनं बारा लाख डॉलरच्या वर भरपाई ठरवली. जाहीर ठिकाणी मांडलं म्हणजे सगळ्यांना वाटलं असं होत नाही, याचं इतकं धडधडीत उदाहरण दुसरं मला ठाऊक नाही. अर्थात मोरेल यांना त्यासाठी जवळजवळ चार वर्षं झगडावं लागलं, हेही विसरू नका.

(जाता जाता : ‘मी या कंपनीला माझा मजकूर वापरायची परवानगी देत नाही, हे तुम्हीही आपल्या भिंतीवर चिकटवा’ असा संदेश दर काही महिन्यांनी फिरतो. तुम्हीही कधी चिकटवला असेल, मी एकदा चिकटवलाय. त्याचा कायदेशीर उपयोग शून्य. अटी मान्य करून आत आल्यावर भिंतीवर खडूनं ‘अमान्य’ लिहून काही होत नाही. त्याच्या काही आवृत्त्यांत ‘रोम स्टॅट्यूट’चा दाखला असतो. तो आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा, म्हणजे युद्धगुन्हे आणि वंशसंहाराचा १९९८ चा करार आहे. तुमच्या सुट्टीतल्या फोटोंशी त्याचा संबंध लावायला फार कल्पकता लागेल.)

आता विकेंद्रित नेटवर्कांकडे या. सगळ्यात नावाजलेलं मॅस्टोडॉन, २०१६ पासूनचं. ते एक संकेतस्थळ नाही, हजारो वेगवेगळे सर्व्हर आहेत. कुणी संस्थेनं चालवलेला, कुणी एकट्या उत्साही माणसानं. ते आपसांत ॲक्टिव्हिटीपब नावाच्या भाषेत बोलतात. वेबची मानकं ठरवणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्टियमनं जानेवारी २०१८ मध्ये तिला अधिकृत शिफारशीचा दर्जा दिला. ईमेल कसं एका कंपनीचं खातं असलं तरी दुसऱ्या कंपनीच्या खात्यावर जातं, तसंच हे. ब्ल्यूस्काय हे दुसरं, त्याची आपसांत बोलण्याची भाषा वेगळी. फेब्रुवारी २०२४ पासून तिथं आमंत्रणाशिवाय कुणालाही जाता येतं. फेसबुकवाल्या मेटा कंपनीच्या थ्रेड्स या माध्यमानंही ॲक्टिव्हिटीपबला खिडकी उघडलीय.

आता हे यंत्र कसं चालतं ते बघा. तुम्ही मॅस्टोडॉनवर आठ ओळी टाकल्यात की तुमच्या अनुयायांचे जितके सर्व्हर, तितक्या सर्व्हरवर तुमच्या मजकुराची प्रत जाते. कामच तसं चालतं, त्यात कुणाचा लबाडपणा नाही. उद्या तुम्ही पोस्ट पुसलीत तर तुमचा सर्व्हर बाकीच्यांना ‘पुसा’ असा निरोप पाठवतो. बहुतेक पुसतात. एखादा बंद पडलेला असतो, एखाद्याचं सॉफ्टवेअर वेगळं असतं, एखाद्याला निरोप पोचतच नाही. म्हणजे ज्या अर्थानं तुम्हाला ‘ताबा’ हवाय, लेखन कुठं जातंय आणि कुठं थांबतंय यावर, तो इथं मोठ्या माध्यमापेक्षाही कमी. ब्ल्यूस्कायवर तर सगळ्या सार्वजनिक पोस्टींचा प्रवाह कुणालाही घेता येतो, त्याची रचनाच तशी आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये एकानं तिथल्या दहा लाख पोस्टींचा संच यंत्रांच्या प्रशिक्षणासाठी हगिंग फेस या कृत्रिम बुद्धिमत्तेची सामग्री ठेवणाऱ्या संकेतस्थळावर ठेवला. आरडाओरडा झाला, संच काढला गेला. पण दार उघडंच होतं, कुणी कुलूप फोडलं नव्हतं. आणि तुमची आठ ओळींची पोस्ट हातानं निवडून, नक्कल करून, नाव छाटून दुसरीकडे चिकटवणाऱ्या माणसाला तर कुठलंच नेटवर्क थांबवू शकत नाही. त्याला एक बोट पुरतं.

तक्रारीचंही तसंच. मोठ्या माध्यमावर निदान एक अर्ज असतो, एक दार असतं. हजार सर्व्हर म्हणजे हजार दारं, आणि काही दारांमागे नोकरीवरून येऊन रात्री सर्व्हर सांभाळणारा एकटा माणूस. त्याच्याकडे नोटीस आली तर तो शहानिशा न करता मजकूर उडवून मोकळा होईल, नाहीतर महिनाभर पत्रच उघडणार नाही. मला दोन्ही प्रकार दिसलेत आणि दोन्हींत मी त्याला दोष देऊ शकले नाही.

मग मुलगा चुकतोय का? अर्धाच. त्याला जे म्हणायचंय त्याला मालकीपेक्षा ‘निघून जाण्याची सोय’ म्हटलं तर बरोबर बसेल. ती सोय खरी आहे आणि मोठी आहे. लोकांची स्वतःची पानं ठेवणारं जिओसिटीज २००९ मध्ये बंद झालं, ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला, गूगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये. तिथं लिहिणाऱ्यांच्या शब्दांवर त्यांचा कॉपीराइट शेवटच्या दिवसापर्यंत शाबूत होता आणि दुसऱ्या दिवशीही. फक्त शब्द नव्हते. मायस्पेस या एकेकाळच्या गाजलेल्या माध्यमानं २०१९ मध्ये कबूल केलं की सर्व्हर हलवताना २०१५ पर्यंत लोकांनी चढवलेलं संगीत नाहीसं झालंय. हक्क सगळे होते, गाणी नव्हती. विकेंद्रित नेटवर्कवर एक घर पडायला आलं तर बिऱ्हाड हलवता येतं.

मात्र हलवण्याचा अनुभवही ऐका, कारण ‘सहज जाता येतं’ हे वाक्य लोक सहज उच्चारतात. मी मॅस्टोडॉनवर ज्या छोट्या सर्व्हरवर होते तो बंद करायचं चालकानं जाहीर केलं. एका रविवारी दुपारी बसले. आधी नव्या खात्यात जाऊन ‘ते जुनं खातं माझंच’ असं नोंदवावं लागतं. मग जुन्या खात्यातून नव्याकडे बोट दाखवायचं, पासवर्ड द्यायचा. थोड्या वेळानं अनुयायांचा आकडा नव्या खात्यावर चढायला लागला, शंभर, दीडशे, दोनशे. अगदी मुंग्या रांगेनं नवं वारूळ धरतात तसं. मला फार आनंद झाला. मी ज्यांना वाचत होते त्यांची यादी वेगळी उतरवून वेगळी चढवावी लागली, तीही झाली. मग जुन्या पोस्टी शोधायला गेले. त्या आल्याच नव्हत्या. येतच नाहीत. अनुयायी हलतात, लेखन मागेच राहतं. त्याची एक फाइल उतरवून घेता येते, तेवढं मी नशिबानं केलं होतं. सर्व्हर बंद झाला त्या दिवशी माझ्या तीन वर्षांच्या लेखनाचे सगळे दुवे एकदम मेले. ब्ल्यूस्कायच्या रचनेत पोस्टींसकट हलता येतं हे खरं, पण तिथंही बहुतेक लोक कंपनीनंच चालवलेल्या सर्व्हरवर बसलेत.

पत्त्याचीही तीच गत. फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘डॉट एएफ’ या अफगाणिस्तानच्या डोमेनवर, म्हणजे इंटरनेटवरच्या पत्त्यावर, चालणाऱ्या एका मॅस्टोडॉन सर्व्हरचं डोमेन तालिबानच्या राजवटीनं निलंबित केलं. सर्व्हर धडधाकट, चालक जागेवर, पण दारावरची पाटीच उतरवली गेली.

म्हणून माझं मत : चोरीवर उपाय म्हणून तिकडे जाऊ नका, फसाल आणि चिडाल. वेगळ्या कारणासाठी जा. जाहिराती नकोत म्हणून, कुणी काय वाचावं हे यंत्रानं ठरवायला नको म्हणून, किंवा तुमच्यासारख्याच बटणांवर कुरकुरणाऱ्या माणसांशी निवांत बोलायचंय म्हणून. बटणांवर कुरकुरणारे तिथं ढिगानं आहेत, त्या बाबतीत तुमची चंगळ होईल. पण वाचक सुरुवातीला नखभर असतील आणि पहिले काही आठवडे भिंतीशी बोलल्यासारखं वाटेल. मोठं माध्यम लगेच सोडूही नका. दोन-तीन महिने दोन्हीकडे राहा आणि कुठं आकडे वाढतात ते न मोजता कुठं उत्तरं येतात ते बघा. सर्व्हर निवडताना तो कोण चालवतं, खर्च कसा भागतो, नियम कोणत्या भाषेत आणि किती स्पष्ट लिहिलेत हे वाचा. मॅस्टोडॉनच्या अधिकृत यादीत येणाऱ्या सर्व्हरना, बंद करायचं झालं तर निदान तीन महिने आधी सांगण्याची हमी द्यावी लागते. तशी हमी असलेलाच घ्या.

आणि कुठंही गेलात तरी वही वेगळी आणि फळा वेगळा. माध्यम हा फळा. त्यावर लिहायचं, चारचौघांनी वाचायचं, कुणीतरी पुसायचं. तुमची चूक ही की सहा वर्षं तुम्ही थेट फळ्यावर लिहीत आलात आणि वही केलीच नाही. मोठी माध्यमं तुमचा सगळा मजकूर एका फाइलमध्ये उतरवून घेऊ देतात. हे पत्र वाचून झालं की आधी ते करा, बाकी सल्ला नंतर वाचला तरी चालेल. मग स्वतःचं एक डोमेन आणि त्यावर साधं संकेतस्थळ. पोस्ट आधी तिथं, तारखेसह, आणि मग तिचा दुवा किंवा प्रत माध्यमांवर. नवी पोस्ट वाचकाच्या ॲपमध्ये आपोआप पोचवणारी आरएसएस ही सोय चालू ठेवलीत तर ज्यांना खरोखर वाचायचंय ते कुठल्याही माध्यमाशिवाय तुमच्यापर्यंत पोचतील. ही सोय १९९९ पासूनची आहे, तिच्यासमोर किती माध्यमं आली आणि गेली, ती अजून तशीच चालते. डोमेन घेताना मालकाचं नाव जाहीर नोंदीत झाकण्याची सोय निवडा, नाहीतर टोपणनाव एका शोधात उघडं पडेल. नूतनीकरणाची तारीख मात्र कॅलेंडरवर घाला. डोमेनही कायमचं आपलं नसतंच, मुदत संपली की पुन्हा हात पुढं करावा लागतो.

आता मैत्रिणीचा सल्ला, तक्रार ठोकण्याचा. त्याआधी तुम्हाला नक्की काय हवंय? तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पैशांचा शब्द कुठंही नाही. मजकूर काढून टाका असंही तुम्ही म्हणत नाही. ‘माझं नाव नव्हतं’ आणि ‘शेवटचं वाक्य गायब’ हीच दोन दुखणी आहेत. गंमत म्हणजे या दोन्हींसाठी कायद्यात वेगळा कप्पा आहे. बर्न करारात १९२८ साली, आणि हे खरंच रोममध्ये झालं, लेखकाच्या नैतिक हक्कांचं कलम आलं : लेखन माझं आहे असं सांगण्याचा हक्क, आणि मान-प्रतिष्ठेला बाधा येईल अशी मोडतोड झाली तर आक्षेप घेण्याचा हक्क. एक वाक्य गाळल्यानं प्रतिष्ठेला बाधा आली हे सिद्ध करणं जड जाईल, पण नावाचा हक्क सरळ आहे. देशागणिक त्याची ताकद मात्र कमी-जास्त आहे.

तेव्हा त्या मोठ्या पानाला पहिला निरोप दमदाटीचा नको. तुमच्या मूळ पोस्टचा तारखेसह दुवा द्या आणि दोनच गोष्टी मागा : टोपणनाव घाला आणि वाक्य परत जोडा. अशी पानं चालवणाऱ्यांतले बरेच जण चोर नसतात, आळशी असतात. त्यांनाही कुणीतरी नाव छाटूनच पाठवलेलं असतं. त्याआधी पडद्याची प्रत, म्हणजे स्क्रीनशॉट, मात्र काढून ठेवा, तारीख आणि पत्ता दिसेल अशी. आठवडाभरात उत्तर आलं नाही तर माध्यमाच्या कॉपीराइट अर्जाचा विचार करा.

‘विचार करा’ म्हणते, कारण तुमच्या बाबतीत त्या अर्जात एक काटा आहे. मोठी माध्यमं बहुतेक अमेरिकेच्या १९९८ च्या डीएमसीए या डिजिटल कॉपीराइट कायद्याच्या चाकोरीनं चालतात. त्यात तक्रारदाराची सही आणि संपर्काचा तपशील लागतो आणि तो ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्या हातात जाऊ शकतो. सहा वर्षं जपलेलं टोपणनाव आठ ओळींसाठी एका अनोळखी पानवाल्यापुढं उघडायचं का, हे तुम्हीच ठरवा. शिवाय समोरच्यानं प्रतिनोटीस दिली आणि तुम्ही कोर्टात गेला नाहीत, तर कामाचे दहा ते चौदा दिवस उलटले की मजकूर पुन्हा लागू शकतो. मी तुमच्या जागी असते तर हा अर्ज अशा नकलेसाठी राखून ठेवला असता जिच्यावर कुणी पैसे कमावतंय, किंवा जिच्यामुळे तुमच्या तोंडी भलतंच मत घातलं गेलंय. कुटुंबाच्या गटांतल्या प्रतींच्या मागे तर लागूच नका. व्हॉट्सॲपवर ‘फॉरवर्डेड’ असा शिक्का दिसतो, पण मूळ कुणाचं ते दिसत नाही, आणि संदेश कूटबद्ध असल्यानं ते कंपनीलाही वाचता येत नाहीत.

यापेक्षा कामाला येणारी युक्ती आपल्याच संतांची आहे. ‘तुका म्हणे’, ‘नामा म्हणे’, ‘म्हणे जनी’. छापखाना नाही, कायदा नाही, तोंडातोंडी पसरणारं काव्य आणि तरी नाव टिकलं, कारण ते मजकुराखाली नव्हतं, मजकुरात विणलेलं होतं. काढायला गेलं तर चरण लंगडा होतो. तुम्ही पोस्टखाली रेघ मारून टोपणनाव लिहिता, ते छाटायला एक सेकंद लागतो. त्याऐवजी शेवटच्या दोन ओळींतच ते येऊ द्या, विनोदाचा भाग म्हणून, स्वतःची थट्टा म्हणून, कसंही. दर वेळी जमणार नाही, जमलं नाही तर सोडा. ओढूनताणून घातलेलं नाव जाहिरातीसारखं वाटतं. आणि ही युक्ती दुधारी आहे हेही खरं : नाममुद्रा वापरून दुसऱ्यांनी रचलेले अभंगही तुकोबांच्या नावावर खपले, अभ्यासक अजून निवडत बसलेत. प्रसिद्ध झालात की तुम्ही न लिहिलेलं तुमच्या नावावर फिरेल. तेव्हा पुन्हा पत्र लिहा.

नाव मिळालं की पुरे असं ठरलं तर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या, म्हणजे कोणत्या अटींवर मजकूर वापरता येईल ते आधीच जाहीर करण्याच्या तयार परवान्यांकडे बघा. ते २००२ पासून आहेत. ‘श्रेय द्या आणि खुशाल वापरा’ असा एक आहे, ‘श्रेय द्या पण बदल करू नका’ असाही आहे, आणि गळलेलं वाक्य बघता तुम्हाला दुसरा मानवेल. पानवाल्यांना त्यानं चाप बसणार नाही, पण प्रामाणिक माणसाला परवानगी कशी मागायची हा पेच उरत नाही. एकदा दिलेला परवाना मात्र मागे घेता येत नाही. म्हणून सहा वर्षांच्या सगळ्या लेखनावर तो एका फटक्यात लावू नका.

आता ताजा कलम. ‘नेटवर सापडलेली व्यंगचित्रं.’ सापडलेली? तुमची पोस्टही त्या पानवाल्याला अशीच सापडली होती. हे टोमणा म्हणून लिहीत नाही. मीही बरीच वर्षं हेच केलंय आणि मला कुणी विचारलं नाही म्हणून ते चालतं असं धरून चालले होते. व्यंगचित्रकाराचा कोपऱ्यातला सहीचा फराटा कापला गेलेला असतो तेव्हा तोही कुठल्यातरी गटात आपलंच चित्र बघून अंगठा दाखवत असेल. बर्न करारातच अवतरणाची मुभा आहे : प्रकाशित कृतीतून, रीतीला धरून, कारणापुरतं, मूळ आणि निर्मात्याचं नाव देऊन उद्धृत करता येतं. म्हणजे तुम्ही त्या व्यंगचित्रावरच काही म्हणत असाल तर जागा आहे. पोस्ट रिकामी दिसू नये म्हणून लावत असाल तर नाही. दुवा द्या, विचारून घ्या, किंवा विकिमीडिया कॉमन्ससारख्या, सगळ्यांना वापरता येणारी चित्रं ठेवणाऱ्या ठिकाणचं चित्र तिथं लिहिलेल्या अटींसह वापरा. व्यंगचित्रकाराला दोन ओळींचं पत्र लिहिलंत तर बहुधा हो म्हणेल आणि वर तुमचा वाचकही होईल. विकेंद्रित नेटवर्कवर गेलात तर ही काळजी वाढते, कारण तुम्ही लावलेल्या चित्राची प्रत तुम्हाला न ओळखणाऱ्या कितीतरी सर्व्हरवर जाऊन बसते, आणि नोटीस आली तर ती त्या रात्री जागणाऱ्या एकट्या चालकाला येते.

लिहिणं थांबवायचा प्रश्न मी मनावर घेतलेला नाही. तुम्हीही घेतलेला नसावा, नाहीतर इतकं लांब पत्र आलं नसतं.

राहिली नणंद. तिला टोपणनाव सांगायचं की नाही हा तुमच्या घराचा मामला आहे, मला त्यात पडायचं नाही. पण तिनं पाठवलं ते चोरी म्हणून नव्हे, आवडलं म्हणून, आणि अख्ख्या गटात तुमच्या आठ ओळी पोटतिडकीनं पसरवणारी ती एकटीच होती. माझ्यासारखा अंगठा दाखवून मोकळ्या होऊ नका. त्याच गटात, तिच्याच संदेशाला उत्तर म्हणून, ते गळलेलं शेवटचं वाक्य टाका. वर एवढंच लिहा : “वन्सं, यातलं एक वाक्य राहिलंय, ते असं आहे.” तुम्हाला ते कुठं मिळालं, हे ती विचारेलच.